वाऱ्याचा काढा

मंगळवारी सकाळी साडेसातला उत्तरा वर्तक शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आपल्या घरात, स्वयंपाकघरात कोसळल्या. वय एकाहत्तर. उजवा हात-पाय हलेना, जीभ वळेना. नवरा सुमंत, निवृत्त इंजिनिअर, यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. ड्राइव्हवेवर बर्फ होता, म्हणून ती रस्त्यावरच थांबली.

स्कॅनमध्ये डोक्यात डाव्या बाजूला रक्तस्राव दिसला. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे उत्तरा गेली काही वर्षं रक्त पातळ करणारी गोळी घेत होत्या. पण तपासणीत रक्त त्या गोळीच्या मानानं फारच पातळ निघालं. डॉक्टरांनी त्या गोळीवरचा उतारा दिला आणि सुमंतना विचारलं, चुकून दोन गोळ्या गेल्या का? नाही, आठवड्याचा डबा ते स्वतः भरत. दुसरं कुठलं औषध, व्हिटॅमिन, सप्लिमेंट? नाही, म्हणाले. नर्सनं तसं टाइप केलं.

उत्तरांना दिवाळीपासून चक्कर येत होती. सगळ्या टेस्ट नॉर्मल होत्या. शेवटी दोघं ट्रेननं शिकागोला, चायनाटाउनमधल्या एका दुकानात गेले. तिथल्या वैद्यानं नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि शरीरात वारा उठलाय असं इंग्रजीत सांगितलं. यकृत शांत करून वारा निववायचा. नाहीतर हाच वारा माणसाला आडवा करतो. उत्तरांना हे लगेच पटलं. अंगावरून वारं जातं असं त्यांच्या माहेरीही म्हणत.

"लग्न झाल्यापासून तुम्ही म्हणताय ना, हिच्या कानात वारं शिरलंय?" येताना ट्रेनमध्ये त्या म्हणाल्या. "आता चिनी वैद्यानंही तेच सांगितलं."

वैद्यानं दिलेल्या पुडीतली मुळं, साली आणि शिंपल्यांचा चुरा सुमंत रोज सकाळी उकळत. चक्कर कमीही झाली होती.

दुपारी हर्नडनला राहणाऱ्या मुलीचा, ऋताचा फोन आला. इकडे यायला ती विमानतळावर पोचली होती. डॉक्टर कारण शोधतायत, हे सुमंतनी सांगितलं.

"बाबा, आई अजून काही घेत होती? हळदीच्या कॅप्सूल वगैरे?"

"नाही गं. सकाळचा काढा, तेवढाच."

"कसला काढा?"

"वाऱ्याचा."

मग हे हॉस्पिटलमध्ये सांगितलं का, असं तिनं विचारलं. त्यांनी औषधांबद्दल विचारलं होतं, सुमंत म्हणाले.

"बाबा, ते औषधच आहे."

"आपण काढ्याला कुठं औषध म्हणतो?"

"फोन चालू ठेवा आणि आत्ता जाऊन सांगा."

सुमंत गेले. नर्सनं नाव विचारलं. त्यांना एवढंच आठवलं, वारा. तिनं स्पेलिंग विचारलं.

शेजारच्या देवदत्तनं गराजच्या कोडनं घर उघडून पुडीचा फोटो पाठवला. त्यावर चिनी अक्षरं आणि हातानं केलेल्या दोन खुणा होत्या. इस्पितळाच्या फार्मासिस्टनं अक्षरांवरून काढ्याची नेहमीची कृती ओळखली. त्यातल्या एखाद-दुसऱ्या मुळामुळे त्या गोळीचा परिणाम वाढू शकतो, ती म्हणाली. इथं तसंच झालं का, हे सांगता येणार नाही. वैद्य माणसागणिक घटक बदलतात, त्या खुणा अशा बदलांच्याच असाव्यात. काय घातलंय ते कळलं, तर उताऱ्यानंतर रक्त पुन्हा पातळ होण्याचा धोका किती, याचा अंदाज येईल. तोवर रक्त वारंवार तपासायचं. डोक्यातलं रक्त काढायच्या ऑपरेशनचा निर्णय त्यावर अवलंबून होता.

सुमंतनी दुकानात लावलेला फोन एका बाईनं घेतला. वैद्य बाहेर गेलेत, आले की फोन करतील. तिनं उलट एक विचारलं: पेशंट रक्त पातळ करणारी गोळी घेते, हे त्यांना सांगितलं होतं का? सुमंत त्या दिवशी उत्तरांच्या शेजारीच बसले होते. वैद्यानं इतर औषधं विचारली होती. उत्तरांनी काय उत्तर दिलं ते त्यांना आठवेना. ब्लड प्रेशरची गोळी सांगितली होती, एवढं नक्की.

ऋताचं विमान वेळेवर सुटलं. पाच वाजता रक्ताचा नवा नमुना घेतला आणि उत्तरांना दुसऱ्या स्कॅनसाठी खाली नेलं. त्या डाव्या हाताची बोटं हलवत होत्या. सहा वाजेपर्यंत स्कॅनचा रिपोर्ट आला नव्हता आणि दुकानातूनही फोन नव्हता.