एका ओळीचं वेळापत्रक

रमजान जवळ आला की मला चांगलं होण्याची घाई सुटते. दरवर्षी मी संकल्प करतो, आणि छापखाना घरचाच असल्यामुळे ते छापूनही घेतो. जाड कार्ड, दोन रंग, भोवती वेलबुट्टी. कुराण एकदा पूर्ण वाचायचं, पाचही नमाज वेळेवर, रोज एका नातेवाइकाची विचारपूस, राग बंद, फोन कमी. एका वर्षी अकरा कलमं झाली. कार्ड इतकं देखणं निघालं की शेजारच्या चष्मेवाल्याने स्वतःसाठी एक मागून नेलं. दहाव्या रोज्यापर्यंत माझी नऊ कलमं गळाली होती. चष्मेवाल्याची किती गळाली ते मी विचारलं नाही, त्यानेही मला विचारलं नाही.

यंदा बायकोने कार्ड छापू दिलं नाही. त्याला आधी घडलेलं एक भांडण कारण होतं.

आमच्या भागातल्या मशिदीचं रमजानचं वेळापत्रक आम्हीच छापतो. पहाटेचं खाणं, म्हणजे सहरी, कधी संपणार, संध्याकाळी रोजा कधी सोडायचा, अशा तीस दिवसांच्या तीस ओळी. सहाशे कार्डं. आकड्यांचं प्रूफ एकट्याने तपासायचं नाही, हा माझ्या वडिलांचा नियम. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफवर खूण करायची. गेली बावीस वर्षं ही वाचते आणि मी खुणा करतो. यंदा नवव्या ओळीपाशी ती अडली.

"थांबा, ही ओळ परत वाचते. मी वाचायच्या आधीच तुम्ही खूण केलीत."

"तीस वर्षं आकडे छापतोय मी. मला डोळे आहेत."

"डोळे आहेत हो. कान कुठे गेले, ते विचारतेय."

झालं. माझ्या नाकावरच असतो राग. मी प्रूफ उचललं, उरलेल्या ओळी एकट्याने बघितल्या आणि मशीन चालू केलं. तिने मूळ कागदाची घडी घातली, खणात ठेवली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

तिसऱ्या दिवशी मी संकल्पांचं कार्ड जुळवायला बसलो, तेव्हा तिने माझ्या समोरचा माऊस बाजूला केला.

"अकरा नकोत. यंदा एकच करा."

"कोणता?"

तिने रद्दी कागदाच्या पाठीवर पेन्सिलने लिहिलं: *चुकलं तर 'माझं चुकलं' म्हणायचं. पुढे 'पण' लावायचा नाही.*

"हा काय रमजानचा संकल्प झाला?" मी म्हणालो. "त्यापेक्षा कुराण दोनदा वाचतो."

"तेच म्हणते मी. तुम्हाला ते सोपं आहे."

"आणि तुझा संकल्प कोणता?"

"माझा मी छापत नाही."

खरं सांगायचं तर माझी ख्यातीच तशी. छापखान्यात काही चुकलं की खापर फोडायला माझ्याकडे तीन डोकी कायम तयार असतात: गिऱ्हाइकाचं अक्षर, कॉम्प्युटर आणि वीज. एका लग्नपत्रिकेवर नवऱ्या मुलाच्या जागी त्याच्या काकांचं नाव पडलं होतं, तेव्हाही मी विजेलाच दोष दिला होता. तो पेन्सिलचा कागद मी कटिंग मशीनवर चिकटवला. मनात म्हटलं, महिनाभर चूकच करायची नाही, म्हणजे प्रश्न मिटला.

वेळापत्रकाचं पहिलं कार्ड मी दरवर्षी बाईंना नेऊन देतो. बाई म्हणजे माझ्या चौथीच्या शिक्षिका. आता ऐंशी उलटून गेली. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. कान पूर्ण गेलेत, त्यामुळे टेबलावर एक वही असते. आलेल्याने जे बोलायचं ते वहीत लिहायचं, आणि बाई त्याचं उत्तर तोंडाने देतात, तेही वर्गात द्यायच्या त्या आवाजात. अजान त्यांना ऐकू येत नाही. खिडकीसमोर उंच इमारत झाल्यापासून सूर्यही दिसत नाही. त्यांचा सगळा हवाला त्या कार्डावर आणि मनगटावरच्या घड्याळावर.

"सबब्या, ये," त्या म्हणाल्या. हे माझं शाळेतलं नाव. "यंदा माझी गंमत ऐक. तीन वर्षं डॉक्टर रोजा ठेवू देत नव्हता. औषधं, औषधं! यंदा म्हणाला, एक ठेवून बघा. एकच. मी नववा निवडलाय. शुक्रवार आहे."

वाढदिवसाचे दिवस मोजणाऱ्या मुलीसारख्या त्या कार्डावर बोट फिरवत होत्या. नवव्या ओळीवर त्यांनी लाल पेनाने गोल केला. "बाकीच्यांचे संकल्प काय काय असतील. माझा एवढाच. एक रोजा, नीट, शेवटपर्यंत." मी वहीत लिहिलं, "दुआ करीन." आणि मोठ्या समाधानाने जिना उतरलो.

नववा रोजा छान गेला. आमच्या घरी अजान स्वच्छ ऐकू येते, कार्ड कोण बघतो? दहाव्या दिवशी सकाळी दवाखान्यातली एक नर्स दुकानात आली. मी तिच्या वॉर्डातल्यांसाठी कार्डं दिली होती.

"काका, काल आम्ही चौघींनी तुमचं कार्ड बघून सहा छत्तीसला रोजा सोडला. आणि दहा मिनिटांनी माझ्या फोनवर अजान झाली. फोन चुकला की काय?"

मी कार्ड ओढून घेतलं. आठवी ओळ, सहा सेहेचाळीस. दहावी ओळ, सहा सत्तेचाळीस. मधल्या नवव्या ओळीत सहा छत्तीस. तरी तोंड सवयीने आपल्या कामाला लागलं.

"मशिदीतून कागदच तसा आला असणार. त्या सेक्रेटरीचं अक्षर म्हणजे..."

बायकोने खण उघडला आणि घडी घातलेला मूळ कागद माझ्यासमोर ठेवला. सेक्रेटरीचं अक्षर खरोखर भयंकर आहे. पण तो चार इतका ठसठशीत होता की चष्म्याविना वाचावा. बाजूला प्रूफ होतं. नवव्या ओळीवर माझी खूण. ती वाचायच्या आधी केलेली.

मी कटिंग मशीनकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

"ताई, माझं चुकलं," मी नर्सला म्हणालो. पुढचा शब्द जिभेच्या टोकावर येऊन उभा होता. मी तोंड मिटलं. इतकं लहान वाक्य बोलून एवढा दम लागतो हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

इमामसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "ज्यांनी कार्डावर विसंबून आधी सोडला, त्यांच्यावर गुन्हा नाही. त्यांना वाटलं वेळ झाली. पण तो रोजा धरला जाणार नाही, ईदनंतर त्याच्या बदल्यात एक ठेवावा लागेल. दुपारच्या नमाजनंतर मी सांगतो. छापखान्याचं नाव घेत नाही."

"मीच सांगतो," मी म्हणालो. आणि सांगितलं. चारशे माणसांसमोर, दोन वाक्यांत. बाहेर पडताना सेक्रेटरीने माझा खांदा दाबला. "मला वाटलं होतं, आज माझ्या अक्षराचं काही खरं नाही," तो म्हणाला. कोल्ड स्टोरेजचे दोन वॉचमन हसत म्हणाले, "तरीच म्हटलं, काल भूक लवकर कशी भागली!" एकानेही आवाज चढवला नाही. मी मात्र आयुष्यभर अशा वेळी लोकांच्या अंगावर जात आलो होतो.

राहिल्या बाई.

दोन दिवस मी आढेवेढे घेतले. तीन वर्षांनी मिळालेला एकच रोजा, आणि तो मी दहा मिनिटांसाठी मोडला. कोणत्या तोंडाने सांगणार? तिसऱ्या दिवशी मला एक युक्ती सुचली. इमामसाहेब म्हणाले होते की ज्याला तब्येतीमुळे पुन्हा ठेवणं जमणारच नाही, त्याने बदल्यात एका गरजू माणसाला जेवू घालावं.

"बाईंच्या नावाने मी दहा माणसांना जेवू घालतो," मी बायकोला म्हणालो. "त्यांना कशाला सांगायचं? या वयात जिवाला घोर. त्यांना आपला रोजा झाला असं वाटतंय, तर वाटू दे की."

ती कागद मोजत होती. मोजणं न थांबवता तिने विचारलं, "हे बाईंसाठी की तुमच्यासाठी?"

मला संताप आला. तिचा प्रश्न खरा असल्यामुळेच आला. मी चपला घातल्या.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. चेहऱ्यावर तेज. मी बसायच्या आतच त्यांनी सुरुवात केली. "ठेवला रे रोजा! चक्कर नाही, काही नाही. डॉक्टरने तपासलं, म्हणाला सगळं ठणठणीत आहे. अल्लाचा किती शुकर करू? त्या दिवशी पाण्याचा पहिला घोट घेतला आणि रडले मी."

मी वही ओढली. कार्डावरच्या लाल गोलावर बोट ठेवलं, छत्तीस खोडून सेहेचाळीस केलं आणि वहीत लिहिलं: माझं चुकलं.

बाईंनी भिंग घेतलं. आधी कार्ड बघितलं, मग वही, मग पुन्हा कार्ड. त्यांचा चेहरा पडला. मला ते बघवेना, पण मी मान खाली घातली नाही. त्यांनी वहीचं पान उलटून मागे बघितलं.

"पुढचं कुठे आहे?"

मी मान हलवली. पुढचं नव्हतं.

"चौथीत निबंधाची वही हरवलीस तेव्हा दोन पानं लिहून आणली होतीस. पाऊस, कुत्रा, धाकटी बहीण. आणि आज एवढंच?" त्यांनी भिंग पुन्हा लाल गोलावर धरलं. "म्हणजे तो रोजा धरला जाणार नाही?"

मी लिहिलं, "नाही. ईदनंतर एक ठेवावा लागेल. जमत नसेल तर..."

त्यांनी मला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. वहीवर तळहात आपटला.

"म्हणजे मला अजून एक ठेवायला मिळणार!"

मला वाटलं, त्यांनी नीट वाचलं नाही. त्यांनी अगदी नीट वाचलं होतं. "डॉक्टर एकच म्हणाला होता ना? मग तो तर झालाच नाही. त्याचाच एक बाकी आहे. जाऊन सांगते त्याला. तब्येतीला काही झालं नाही हे त्याने स्वतः लिहून दिलंय, आता कुठे पळेल?" त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता दोन्ही हात उचलून दुआ मागायला लागल्या. त्यात माझं नाव होतं. सबब्या नव्हे, खरं नाव. पंचेचाळीस वर्षांनी मी त्यांच्या तोंडून ते ऐकलं. मी रडलो, आणि लाज वाटली नाही.

डॉक्टरने दोन दिवस कुरकुर केली आणि ईदनंतरचा आठवा दिवस दिला.

त्या दिवसासाठी मी एक कार्ड छापलं. फक्त एक. दोन रंग, वेलबुट्टी, आणि आत एकच ओळ. छापण्याआधी प्रूफ काढलं आणि बायकोसमोर बसलो. तिने मूळ कागदावरून मोठ्याने वाचलं. ती थांबल्यावर मी खूण केली.

"परत वाचते," ती म्हणाली.

"वाच."

तिने तीनदा वाचलं. तीन खुणा झाल्या.

संध्याकाळी आम्ही दोघं बाईंकडे गेलो. त्यांनी कार्ड भिंगाखाली धरलं, लाल पेनाने शेजारी बरोबरची खूण केली, पण घड्याळाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघत राहिल्या. सहा एकोणसाठ झाले, खालून अजान आली. मी मान हलवली. त्यांनी खजूर तोंडात ठेवला, पाणी प्यायल्या आणि कितीतरी वेळ डोळे मिटून बसल्या.

"एकाच्या जागी मला दोन संध्याकाळी मिळाल्या," डोळे उघडून त्या म्हणाल्या. "तुझ्यामुळे."

पण बाई, ती तर माझी चूक होती, असं मला वहीत लिहायचं होतं. मी पेन उचललंही. बायको बघत होती. मी पेन खाली ठेवलं आणि त्यांचा सुरकुतलेला हात कपाळाला लावला.