तपस्तब्धी जागेवर नाही

मी तपस्तब्धी बोलतेय. आठवलं का काही? भूगोलाच्या पुस्तकात हवेच्या थरांची आकृती असायची. त्यात खालच्या दोन थरांच्या मधे जी रेघ मारलेली असते, ती मी. एका मार्कासाठी तुम्ही मला पाठ केलंत आणि पेपर संपल्यावर विसरलात. त्याचा राग नाही. पण माझ्या नावात कोणीतरी 'स्तब्ध' घालून ठेवलंय, त्याचा मात्र येतो. मला आजवर एक दिवस धड एका जागी बसता आलेलं नाही.

मला अंग नाही. वर जावं तशी हवा गार होत जाते आणि एका उंचीवर गार व्हायची थांबते. थांबते तिथे मी. वादळी ढग धावत वर येतात आणि माझ्यापाशी येऊन आडवे होतात. खालची हवा वर चढताना गावोगावच्या गप्पाही घेऊन येते, म्हणून अकरा-बारा किलोमीटरवर राहूनही मला माणसांची खबर असते.

पृथ्वीवर हवेचे थर झाले तेव्हापासून मी आहे, पण माणसांना माझा पत्ता लागून जेमतेम सव्वाशे वर्षं झाली. त्यांनी फुग्याला तापमापक बांधून वर सोडला. गारठा वाढायचा थांबला, तेव्हा त्यांना वाटलं यंत्रच बिघडलं. तिथपासून माझं हेच चाललंय. मी दिसले की माणूस आधी यंत्राला बोल लावतो.

तुमच्या देशापासून दूर, तिसा नावाच्या नदीच्या काठी एका गावाबाहेर हवामान केंद्र आहे. तिथून रोज भर दुपारी एक पांढरा फुगा माझ्याकडे निघतो. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली एतेल्का तिथे नोकरीला लागली. फुगा कळवेल ते तापमान कागदावर मांडायचं, ठिपके जोडून रेघ काढायची, रेघ वाकेल तिथे साध्या पेन्सिलीने उंची टिपायची आणि मग माझी म्हणून जी उंची पक्की ठरेल तिला लाल खूण करायची, हे तिचं काम. पोरगी चोवीस वर्षांची होती, पण हात असा नेटका की बघत राहावं.

अडचण एवढीच, की रेघ कधीकधी दोन ठिकाणी वाकते. पहिल्याच महिन्यात ती कागद घेऊन केंद्रप्रमुखाकडे गेली. देझो, सगळ्यांचा 'बाची' म्हणजे काका, हा पाइप न पेटवता चघळत बसणारा माणूस. शेजारच्या खोलीत फुग्यांचा हायड्रोजन, पेटवणार कसा?

"देझो बाची, इथे दोन वाक आलेत. कुठला धरू?"

"भिंतीवर तक्ता कशाला लावलाय? शोभेला? तक्त्यातल्या उंचीच्या जवळ जो असेल तो आपला."

"आणि वरचा? तो चांगला ठळक आहे."

"तो फुग्याचा आगाऊपणा. आण इकडे ते पोगाचे, खारे पाव गार होतायत."

तक्ता जुना होता, साठच्या दशकातल्या मोजण्यांवरून केलेला. एतेल्काने तो मनोभावे मानला.

आणि नेमकी त्याच वर्षांत माझी ससेहोलपट सुरू झाली. गाड्यांच्या आणि चिमण्यांच्या धुराने खालचा थर तापू लागला. तापलेली हवा फुगते आणि फुगली की मला वर रेटते. वरचा थर उलट थंड होत गेला, त्यामुळे मला खाली दाबून धरणारंही कोणी राहिलं नाही. तशी मी रोजच्या हवेप्रमाणे किलोमीटरभर खालीवर होतच असते, त्यात नवल नाही. पण त्या खालीवर होण्याच्या आड मी दर दहा वर्षांत पन्नास-साठ मीटर वर ढकलली जात होते. हे एका दिवसात कोणाला दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी वर्षानुवर्षं खरं लिहून ठेवावं लागतं. मी ओरडू शकत नाही हो! माझा जीव तळमळत होता, आणि खाली एतेल्का निगुतीने लाल खूण करत होती, तक्त्याजवळ.

पुढे संगणक आला, तरी कागद-पेन्सिल सुटली नाही. दोन वाक दिसले की तोही तिलाच विचारायचा. तिच्या सरासऱ्या इतक्या जुळायच्या की दोन हजार नऊ साली केंद्राला 'सर्वांत स्थिर नोंदी' म्हणून मानपत्र मिळालं. ते मानपत्र निवृत्तीनंतर तिच्या स्वयंपाकघरात लागलं. नवरा गेला, मुलगा परदेशी. घरात बोलायला तेवढं ते मानपत्रच उरलं होतं.

गेल्या वसंतात चेंगे तिच्या दारात उभी राहिली. पंचेचाळिशीची, राजधानीतल्या संस्थेत माझ्या उंचीचा अभ्यास करणारी, फटकळ बाई. गाडीत खोकी भरून केंद्रातले जुने कागद. एतेल्काला तिने 'नेनी', म्हणजे मावशी, म्हणून हाक मारली.

"एतेल्का नेनी, सरळच सांगते. आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांच्या नोंदी वर चढतायत. तुमच्या तेवढ्या सपाट आहेत."

"मग त्यांना सांगा नीट काम करायला."

"सगळेच चुकले?"

"माझ्या हाताला नाव ठेवायचं नाही हं, बाई. ते बघा भिंतीवर काय लावलंय."

"बघितलं. म्हणून तर आले. हे कसं झालं ते कळलं नाही, तर तुमची अडतीस वर्षं अभ्यासातून वगळावी लागतील. सगळीच्या सगळी."

चेंगेने वरचा एक कागद तिच्यापुढे सरकवला. चौऱ्याण्णवचा ऑगस्ट. बारा हजार तीनशे ऐंशी मीटरवर ठळक वाक, त्याशेजारी साध्या पेन्सिलीतला बारीक आकडा. आणि लाल खूण पाचशे मीटर खाली, तक्त्यातल्या उंचीपाशी.

"इथे वाक आहे का, नेनी?" चेंगेने लाल खुणेवर बोट ठेवलं.

एतेल्काने चष्मा पुसला. कागद खिडकीजवळ नेला. परत आणला.

"नाही," ती म्हणाली. "दुसरा दाखवा."

संध्याकाळपर्यंत तिने चाळीस कागद पाहिले. तिचा चेहरा असा उतरला की फटकळ चेंगेलाही राहवेना. ती म्हणाली, "असं करू. तेव्हाच्या प्रमुखांनी घालून दिलेली पद्धत होती, असं अहवालात लिहू. तुमचं नाव कशाला?"

"देझो बाची चौऱ्याऐंशीला घरी बसला. पुढची बत्तीस वर्षं पेन्सिल कोणाच्या हातात होती?"

मग एतेल्का रोज कागद घेऊन बसू लागली, आणि दर मंगळवारी चेंगेही सोबत बसायची. एतेल्काने एकेक कागद हातात घेतला, स्वतःच्या चुकलेल्या लाल खुणेवर काट मारली आणि बाजूला स्वतःची सही केली. सगळे कागद संपायला पानगळ उजाडली. साध्या पेन्सिलीतले आकडे जागेवर होतेच; ते तिने कधी खोडले नव्हते. चेंगेने ते जोडून नवी रेघ काढली, आणि ती रेघ वर चढत गेली, शेजारच्या केंद्रांसारखीच. खरं तर त्यांच्याही आधीपासून.

एतेल्का त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

"म्हणजे मला दिसलं होतं," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी दिसलं होतं. आणि मी खाली खूण करून जेवायला जात होते."

चेंगेने तिच्या हातावर हात ठेवला.

एतेल्का रडली तेव्हा मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मी वर चढतेय, अजून चढतेय, आणि कुठे थांबेन ते मला ठाऊक नाही, याची भीती मात्र वाटते. मला थांबवणं तुम्हा खालच्यांच्या हातात आहे. तोवर एवढंच करा. उद्या दुपारी फुगा येईल तेव्हा मी कालच्या जागी नसेन. मला शोधा, आणि जिथे सापडेन तिथेच खूण करा.