देव्हाऱ्यातला लोलक

मी लोलक बोलतोय. नाव ऐकून तुम्हाला वाटेल, झुंबराचा असेन, बिलोरी काचेचा. पुष्कळांना तसंच वाटलं, आणि तिथंच माझी मान खाली जाते. मी कोंबडीच्या अंड्याचं रिकामं टरफल. वरून चांदी, आत नुसती पोकळी.

माझा जन्म अंधेरीच्या पूर्वेला, चकाल्याच्या फिलूबायच्या खुराड्यात झाला. फिलूबाय ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावातली. अंगणात कोंबड्या, मागच्या अंगाला भाड्यानं दिलेल्या दोन खोल्या. त्या खोल्यांत कुंदा राहायची. नवरा फोर्टात कारकून, सासूबाई कडक सोवळ्याच्या, आणि एकुलती एक लेक उत्तरा. उत्तराला तीन वर्षं पुरी झाली तरी पोर उभी राहत नव्हती. पाय कसे धनुष्यासारखे वाकलेले.

डॉक्टर म्हणाले, "मुडदूस आहे. सकाळचं ऊन द्या आणि रोज एका अंड्याचा बलक. नाहीतर पाय असेच राहतील."

ज्या घरात चातुर्मासात कांदा येत नाही, तिथं अंडं कुठून यायचं? नवरा म्हणाला, "दे तू. पण आईला कळता कामा नये." एवढं सांगून तो मोकळा झाला. सगळा घोर कुंदाच्या जिवाला.

शेवटी तिनं फिलूबायला गाठलं. फिलूबाय हसली. "त्यात काय गो बाय! उन्हात बसवायला म्हणून आन पोरीला माज्या ओट्यावर. पन टरफल फोडू नको. टाचणीनं दोन्ही टोकांना भोकं पाड न् फुंक. बलक तुज्या पोरीला, टरफल माज्या नाताळला."

फिलूबायच्या आईच्या वेळचे नाताळचे काचेचे गोळे होते. एकेक करून सगळे फुटले. आता त्याच जुन्या वळणाचे गोळे तिला घरच्या घरी करायचे होते, टरफलांचे.

पहिल्या दिवशी अंड्याला ओठ लावताना कुंदानं डोळे गच्च मिटून घेतले होते. नंतर कितीतरी वेळ ती पदरानं तोंड पुसत राहिली.

"अगो, सालटी निघतील ओठांची," फिलूबाय म्हणाली. "पोरीसाठी केलेला तोंडाला चिकटत नाय."

बलक गरम दुधात घोटायचा, साखर घालायची, वास मारायला चिमूटभर जायफळ. उत्तरा त्याला पिवळं दूध म्हणायची आणि मिटक्या मारत प्यायची.

टरफलं जमत गेली. कुंदाच्या हातात कला होती. गौरी-गणपतीचं मखर तीच करायची. तिनं सिगारेटच्या पाकिटांतली चांदी चमच्याच्या पाठीनं गुळगुळीत केली, तांदळाची खळ शिजवली. माझ्या अंगावर चांदी चिकटवून वर अभ्रकाची भुकटी भुरभुरली. आपल्या लग्नातल्या शालूची विरलेली जर उसवून माझ्या कमरेला गुंडाळली. वरच्या भोकातून काडेपेटीची काडी आत घालून आडवी केली, तिला दोरा. तिनं मला उन्हात धरलं आणि मी असा लखलखलो की फिलूबाय म्हणाली, "माज्या मायचा गोलाच परत आला गो!"

तेव्हा फार फुगलो मी. नको होतं फुगायला.

त्या दिवशी निघताना उत्तरा मला सोडेना. रडून रडून निळी पडली. फिलूबाय आत कोंबड्यांचं दाणापाणी बघत होती. कुंदानं इकडे तिकडे पाहिलं आणि मला पदराखाली घेतलं. मागून नेलं असतं तर फिलूबाय नाही म्हणाली नसती. पण कुंदानं विचारलं नाही.

घरात सासूबाई देवापुढे बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, पण चकाकी तेवढी बरोबर दिसली.

"काय गं ते पोरीच्या हातात?"

"लोलक आहे." कुंदाची जीभ अडखळली. "काचेचा. फिलूबायनं दिला."

"अगंबाई, बघू! माझ्या माहेरी देव्हाऱ्याला अस्से लोलक होते. बाई मनानं चांगली आहे हो." आणि त्यांनी मला थेट बाळकृष्णाच्या डोक्यावर टांगलं.

कुंदा चुलीपाशी उभी होती. त्या क्षणी बोलली असती तर चार शब्दांत भागलं असतं.

चार दिवस मी तिथं होतो. रोज सकाळी सासूबाई मला ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि गंधाचं बोट लावायच्या. अंड्याच्या टरफलाला गंध! मला वाटायचं, दोरा तुटावा आणि तांदळाच्या डब्यामागे कुठंतरी घरंगळत जावं. कुंदा देव्हाऱ्याकडे पाठ करून कणीक मळायची.

पण ओल्या फडक्यापुढे तांदळाची खळ किती टिकणार? पाचव्या दिवशी चांदी सुटून फडक्याला आली आणि सासूबाईंच्या अंगठ्याखाली मी कुर्रकन चिरलो.

त्यांनी मला डोळ्यांजवळ नेलं, वास घेतला.

"अंडं! कुंदे, हे अंडं आहे गं! त्या बाईनं माझा देव बाटवला!"

मला सांडशीत धरून त्या सोवळ्यानंच अंगणात गेल्या. मागून उत्तराला कडेवर घेऊन कुंदा. फिलूबाय नाताळच्या करंज्यांसाठी खोबरं खवत होती.

"हे तुम्ही दिलंत आमच्या घरात?"

फिलूबायनं मला ओळखलं. चार दिवस ती मला शोधत होती. तिनं कुंदाकडे पाहिलं. कुंदानं नजर कोंबड्यांकडे वळवली. मग फिलूबायनं उत्तराच्या लोंबत्या पायांकडे पाहिलं.

"मीच दिला," ती म्हणाली. "चूक झाली म्हातारे. मना कलला नाय."

"कळलं नाही? लाज नाही वाटत देवाशी चेष्टा करायला? आजपासून आमची पोर तुमच्या ओट्यावर फिरकणार नाही." मला त्यांनी तिच्या खोबऱ्याच्या किसावर आपटलंच. फिलूबायनं उचललं, तड्यावर मलमलीची चिंधी खळीनं बसवली आणि पुन्हा चांदी लावली.

दोन्ही घरांत भिंत एकच. पलीकडलं सगळं मला ऐकू यायचं. सहा दिवस बलक नाही. सातव्या दिवशी, नाताळ उद्यावर आला असताना, उत्तरा आजीला म्हणाली, "आजी, मला पिवळं दूध दे ना."

"हळदीचं का गं?"

"नाही. फिलूबायचं."

भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग कुंदा बोलली. "अंड्याचं, सासूबाई. डॉक्टरांनी सांगितलंय, उत्तराच्या पायांसाठी. मी रोज पाजत होते. लोलकही मीच न विचारता आणला. ते फिलूबायला ठाऊकच नव्हतं."

मला वाटलं, आता आकाश कोसळणार. सासूबाई अगदी हळू बोलल्या. "आणि मी तिला तिच्या अंगणात जाऊन बोलले."

"हो."

"देव पंचगव्यानं शुद्ध केला मी. आता हे कशानं धुऊ?" मग म्हणाल्या, "जा, पोरीला घेऊन जा. मला नाही तिच्यापुढे उभं राहता यायचं."

कुंदा आली तेव्हा फिलूबायच्या दोन्ही जावा बसल्या होत्या. पिंपात सुरूची फांदी रोवली होती, आम्ही सगळे तिला लटकलेलो. कुंदाला एकांत हवा होता, मिळाला नाही. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "मी लोलक चोरला. खोटं बोलले. तुम्ही शिव्या खाल्ल्यात आणि मी कोंबड्या बघत राहिले."

धाकटी जाऊ फिसकन हसली. फिलूबाय हसली नाही. "गोल्याचा मना काय नाय गो. पन तू नजर फिरवलीस ना, ती लागली." मग तिनं हात पसरले. "आन ती पोर हिकडं. दूध ऊन हाय."

आज तीन राजांचा सण, नाताळाचा शेवटचा दिवस. उत्तरा अजून चालत नाही. ओट्याचा खांब धरून उभी राहते, पाय लटपटतात. कुंदा रोज येते, पण पूर्वीसारखी गप्पा मारत नाही. बलक घेते, भांडं घासून ठेवते, जाते. सासूबाई तुळशीला पाणी घालताना फिलूबाय दिसली की पदर पुढे ओढतात. माफी अजून त्यांच्या ओठांवर आलेली नाही. चतुर्थीला तेवढे पाच मोदक उत्तराच्या हाती आले होते.

उद्या फांदी उतरेल. आमची चांदी सोलून ठेवतील आणि टरफलं कुटून कोंबड्यांच्या दाण्यात घालतील. मला दुःख नाही. मला तोंड नव्हतं म्हणून मी गप्प होतो. ज्यांना आहे, त्यांनी आपल्या वाट्याची लाज दुसऱ्याच्या पदरात टाकू नये, एवढंच सांगतो.

आणि फिलूबाय, तुझ्याकडे एक मागणं. मला कुटशील तेव्हा बारीक कूट. कुंदा दाणे टाकायला आली, तर तिला मी ओळखू येऊ नये.