नवव्या ठोक्यावर थांबलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नव्हे, कुस्तीच्या आखाड्यातली. जपानच्या उत्तरेला, हाचिनोहे बंदरात, सुमिएबाईंच्या खानावळीत सध्या माझा मुक्काम असतो. जन्म मात्र देवळांच्या घंटा ओतणाऱ्या कारखान्यातला. एका मोठ्या घंटेतून उरलेल्या धातूची मी झाले, म्हणून माझा आवाज अंमळ भारदस्त आहे. ही फुशारकी नाही हं, लोकच तसं म्हणत.

मला विकत घेतलं कुमागाई पैलवानांनी. केवढा आडदांड माणूस! त्यांनी ‘उत्तरवारा’ नावाची कुस्ती कंपनी काढली होती. पैलवान, ज्युदोवाले, कराटेवाले, सगळे एकाच आखाड्यात. मी वाजले की झुंज सुरू, पुन्हा वाजले की हात सोडायचे. मला वाजवायच्या त्यांच्या पत्नी, सुमिएबाई. नवऱ्याचा गळा कुणी आवळत असला तरी बाईंची हातोडी वेळेआधी कधी पडली नाही. ओठ तेवढे पांढरे पडत.

सुरुवातीला मासळीबाजारात खेळ व्हायचे. पैलवानच आखाडा उभारत आणि तेच झाडू मारत. मग टीव्हीवाले आले, आणि काय सांगू! तोक्योच्या मोठ्या सभागृहात माझा ठोका पडला की हजारो माणसं एका दमात ओरडत. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता.

पण हायासाका नावाचा लाडका पैलवान निम्मी मंडळी घेऊन दुसऱ्या कंपनीत गेला, आणि टीव्हीवालेही त्याच्यामागे गेले. खुर्च्या ओस पडल्या. कुमागाईंचे गुडघे तर केव्हाच कामातून गेले होते. शेवटी त्यांनी जाहीर केलं, हाचिनोहेत शेवटचा खेळ आणि मग दहा ठोके.

दहा ठोके म्हणजे आमच्याकडचा निरोप. पैलवान निवृत्त झाला किंवा वारला की सगळे उभे राहतात आणि घंटा सावकाश दहा वेळा वाजते. दहावा पडला की संपलं सगळं. मला पुसता पुसता बाई म्हणाल्या, “दहावा पडला की हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसेल बघ. मग मी काय करू गं?”

खेळ झाला. कुमागाई आखाड्याच्या मधोमध मान खाली घालून उभे राहिले. ठोके पडू लागले. लोक डोळे पुसत होते. नवव्याचा नाद विरला, आणि बाईंनी हातोडी पिशवीत टाकली.

“अगं, मोजायला चुकलीस. एक राहिला!” कुमागाई कडेला येऊन कुजबुजले.

“राहू दे. नाही मारत, जा.”

“वेडी का खुळी तू? लोक बघताहेत!”

“बघू देत. अहो, गुडघे गेले, डोकं जाग्यावर आहे ना? जे येतं ते कुणाला तरी शिकवा. दहावा ठोका माझ्याकडे आहे. खरंच संपलं असं वाटेल तेव्हा मागा.”

कुमागाई रागाने लाल झाले. मागून कुणीतरी ओरडलं, “वहिनी, शाब्बास!” तेव्हा कुठे त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता ते ढसढसा रडले.

पुढे खानावळ निघाली आणि माझी रवानगी झाली मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर, वजन म्हणून! मिठाने मी हिरवी पडले. कुमागाई कोपऱ्यात गप्प बसून असत. एके दिवशी मासळीबाजारातल्या दोन मुली अंगणात झोंबाझोंबी करत होत्या. एकीने चुकीची पकड घातली आणि कोपरा गरजला, “अगं, मान मोडशील तिची! थांबा! घंटा कुठाय?” स्वतः उठून त्यांनी मला पिंपावरून उचललं आणि बाहीने पुसलं. तेव्हापासून मागच्या पडवीत रोज मुलींची तालीम चालते.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू अडगळीत दिसली तर तिला एकदा फडकं मारा. कोपऱ्यातल्या जुन्या माणसालाही काहीतरी विचारा. फार काही लागत नाही आम्हाला.

बाई अजूनही चहा देताना चिडवतात, “काय, देऊ का आज दहावा ठोका?”

“आज नको,” कुमागाई बुटात पाय घालत म्हणतात. “पोरी आल्यात.”