पाय टेकला की नाही

नोकरीत असताना त्यांचं खरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. परिवहन कार्यालयाच्या मागच्या मैदानात ते दुचाकीच्या लायसन्सची परीक्षा घ्यायचे आणि सगळं गाव त्यांना नापाससाहेब म्हणायचं. मैदानात चुन्याने आठाचा आकडा आखलेला असे. त्या आठावरून गाडी फिरवायची, पाय जमिनीला लागता कामा नये. लागला की साहेब म्हणायचे, "पाय टेकला. पुढचा." एवढ्या भांडवलावर त्यांनी एका पुढाऱ्याचा भाचा, शाळेचे मुख्याध्यापक आणि स्वतःचा मोठा मेहुणा यांना घरी पाठवलं होतं. मेहुणा अजूनही त्यांच्याशी बोलताना भिंतीकडे बघून बोलतो.

आणि एकदा त्यांनी स्वतःच्या बायकोला नापास केलं.

कार्यालयात तिला सगळे बाईसाहेब म्हणत. त्या दिवशी बाईसाहेब रांगेत उभ्या राहिल्या, नंबर आल्यावर आठ काढला, आणि नवरा म्हणाला, "पाय टेकला. पुढचा." बाईसाहेब गाडी कडेला लावून म्हणाल्या, "टेकला नाही." साहेबांनी पुढच्या उमेदवाराला बोलावलं. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. मधल्या काळात मुलगी शिकली, नोकरीला लागली, लग्न करून गेली. पण पाय टेकला की नाही हा विषय काही त्या घरातून गेला नाही.

पुढे साहेबांची बदली झाली आणि त्यांच्या जागी आलेल्या माणसाने बाईसाहेबांना पहिल्याच फटक्यात पास केलं. "साहेबांची बायको म्हणून सोडलंन् त्याने," असं साहेब चारचौघांत सांगत. तेव्हापासून बाईसाहेब स्कूटर चालवत आल्या होत्या. बाजार, बँक, मुलीचे क्लास, सगळं त्या स्कूटरवर. साहेब मात्र एकदाही त्यांच्या मागे बसले नव्हते. एकदा अंगात सणसणून ताप असताना ते दवाखान्यात रिक्षाने गेले आणि बाईसाहेब स्कूटरवरून रिक्षाच्या मागोमाग गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "दोन गाड्या का?" साहेबांनी जीभ बाहेर काढून दाखवली.

निवृत्तीनंतर मुलीने दोघांना परदेशी समुद्रकाठच्या एका गावी पाठवलं. निघण्यापूर्वी साहेबांनी दोघांचेही आंतरराष्ट्रीय परवाने काढले. परवान्यावर दुचाकीचा शिक्का वेगळा लागतो. तो नसेल आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. हे त्यांनी मुलीला फोनवर दोनदा समजावलं. बाईसाहेबांच्या परवान्यावरही त्यांनी तो शिक्का मारून घेतला होता. गाडी चालवायची नसली तरी कागद पक्का पाहिजे, हे त्यांचं तत्त्व होतं.

परतण्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाईसाहेब म्हणाल्या, "मला ते दीपगृह बघायचंय."

दीपगृह किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिकडे बस जात नव्हती. हॉटेलातली सगळी माणसं भाड्याची स्कूटर घेऊन जात आणि त्यातली काही गुडघ्याला पट्टी बांधून परत येत.

"मी नेतो," साहेब म्हणाले.

"न्या की. नाहीतर मी नेते."

साहेब बुटांची नाडी बांधू लागले. दीपगृह हे निमित्त आहे, हे न कळायला ते काही दूधखुळे नव्हते. बायकोला एकदा, मरण्यापूर्वी एकदा, नवरा आपल्या मागे बसलेला हवा होता. आणि बसायचं म्हणजे तिचं लायसन्स खरं मानायचं. ते खरं मानलं की त्या दिवशीचं आपलं 'पाय टेकला' कुठे ठेवायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

स्कूटरचं दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि पुढे मोठं अंगण. मालकीण ठेंगणी, कमरेला पान्यांचा पट्टा, बोलणं मोजकं आणि मोडक्या इंग्रजीत. साहेबांनी कामाला सुरुवात केली. पहिल्या स्कूटरचा मागचा टायर गुळगुळीत निघाला. दुसरीचा ब्रेक दाबला की दांडी पार हँडलला जाऊन भिडत होती. तिसरीचा उजवा इंडिकेटर लागला की हॉर्न वाजत होता. साहेबांनी तिन्ही नापास केल्या. चौथी पसंत पडल्यावर तिच्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढला, नाहीतर परतताना तेच ओरखडे आपल्या गळ्यात पडतात. मालकिणीने अनामत म्हणून पासपोर्ट मागितला. साहेबांनी दिला नाही, त्याची झेरॉक्स दिली. हेल्मेटं त्यांनी चार नाकारली आणि बंद घट्ट बसणारी दोन घेतली. बाईसाहेब एका ड्रमवर बसून हे सगळं बघत होत्या. असं आयुष्य त्यांनी काढलं होतं.

मालकिणीने सगळं निमूट सोसलं. मग तिने अंगणात दोन बादल्या थोड्या अंतरावर ठेवल्या आणि बोटाने हवेत आठ काढला.

"आता तुम्ही," ती म्हणाली. "पाय खाली, तर स्कूटर नाही."

पट्ट्या बांधून परत येणारी गिऱ्हाइकं बघून बघून तिने हा नियम काढला होता. साहेबांचा ऊर भरून आला. इतक्या दूर येऊन त्यांना पहिल्यांदा कुणीतरी आपल्या घराण्यातलं भेटलं होतं.

त्यांनी हेल्मेट चढवलं आणि स्कूटर सुरू केली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. नोकरीभर साहेब सरकारी जीपने फिरले आणि जीप ड्रायव्हर चालवायचा. दुचाकीवर ते शेवटचे कधी बसले होते, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते अगदीच खोटं नाही.

पहिल्या बादलीला वळसा ठीक पडला. दुसऱ्या बादलीशी हँडल लचकलं, मूठ जरा जास्त पिळली गेली, आणि साहेबांचा डावा बूट जमिनीला लागून वर आला. पापणी लवावी इतकाच. नेमका त्याच वेळी मालकिणीचा फोन वाजला होता आणि ती पाठमोरी झाली होती. फोन ठेवून तिने बाईसाहेबांकडे पाहिलं, जमिनीकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या.

सव्वीस वर्षांनी बाईसाहेबांना संधी आली होती. साहेब स्कूटरवर ताठ बसून होते. आता ही काय बोलणार ते त्यांना पाठ होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना मिळायलाच हवं होतं.

बाईसाहेबांनी मान हलवली. "नाही," त्या म्हणाल्या. "टेकला नाही."

मालकीण किल्ली द्यायला पुढे आली. साहेबांनी गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. पण ते त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"टेकला," ते मालकिणीला म्हणाले. तिला कळावं म्हणून त्यांनी बूट पुन्हा जमिनीला लावून दाखवला. मग सवयीने उरलेला शब्दही बाहेर पडला. "पुढचा."

रांगेत एकच माणूस होतं. ते ड्रमवरून उठलं.

"खोटं का बोललीस?" हेल्मेट काढत साहेबांनी हळूच विचारलं.

"मी कुठे पाहिला पाय? मी तुमच्या तोंडाकडे बघत होते," बाईसाहेब म्हणाल्या आणि पदर खोचून स्कूटरवर बसल्या.

साहेब अंगणाच्या कडेला, जिथून पाय नीट दिसतील अशा जागी जाऊन उभे राहिले. बाईसाहेबांनी एक आठ काढला. मग न सांगता दुसरा काढला. साहेब सबंध वेळ फक्त पायांकडे बघत होते. पाय फूटबोर्डवर होते आणि फूटबोर्डवरच राहिले. मालकिणीने टाळी वाजवली. साहेबांनी वाजवली नाही, कारण परीक्षक टाळ्या वाजवत नसतात.

स्कूटर फाटकाशी आली आणि थांबली. मागची सीट रिकामी होती.

"इकडे रिक्षा मिळते का बघू?" साहेब म्हणाले.

इंजिन चालू होतं. साहेबांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. रिक्षा नावाची वस्तू त्या देशात नव्हती. त्यांनी हेल्मेटचा बंद लावला, बायकोचाही ओढून पाहिला, आणि बसले.

सुरुवातीला त्यांनी खांदा धरला नाही, मागची दांडी धरली. "उजवीकडून. इथे उजवीकडून चालतात."

"चालवतेच आहे."

"चौकात आधी डावीकडे बघ."

"बघितलं. तुम्ही पाय वर घ्या."

साहेबांनी खाली पाहिलं. स्कूटर थांबली की त्यांचे दोन्ही पाय आपोआप जमिनीवर जात होते. त्यांनी ते उचलून फूटरेस्टवर ठेवले. पुढच्या थांब्याला पुन्हा खाली गेले. बाईसाहेबांनी पुन्हा तेच सांगितलं, आवाज न चढवता, जसं उमेदवाराला सांगतात तसं.

गाव मागे पडलं. मागून एक तरुण जोडपं भरधाव पुढे गेलं. हेल्मेटं हँडलला लटकवलेली, पायांत चपला. पुढच्या वळणावर वाऱ्याने वाळू पसरली होती. बाईसाहेबांनी वळणाच्या आधीच वेग कमी केला, स्कूटर सरळ ठेवली आणि पुढचा ब्रेक न लावता हळूच पार केली. पलीकडे ते जोडपं रस्त्याकडेला बसलं होतं. मुलाचं कोपर सोललं होतं आणि मुलगी त्याला बोलत होती. बाईसाहेबांनी इंडिकेटर देऊन स्कूटर रस्त्याबाहेर घेतली, पिशवीतून मलम काढून लावलं, आणि हेल्मेट डोक्यात घालायची खूण करून परत आल्या. या सगळ्यात चूक काढायला साहेबांना कुठेही जागा सापडली नाही. त्यांनी मनापासून शोधली होती.

पुन्हा निघाल्यावर, एका उतारावर दांडी सोडून त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. लांब टोकाला दीपगृह दिसू लागलं होतं.

"अगं," ते म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशी मी तुझ्या पायाकडे बघतच नव्हतो. रांगेकडे बघत होतो. तुला पास केलं तर लोक काय म्हणतील, ते बघत होतो."

"माहीत आहे," बाईसाहेब म्हणाल्या. "मी तुमच्याकडेच बघत होते."

साहेबांनी यावर विचार केला. पण नियम तो नियम.

"गाडी चालवताना समोर बघायचं असतं," ते म्हणाले.

"तुम्ही समोरच उभे होतात," बाईसाहेब म्हणाल्या. "पाय वर घ्या, चौक आला."