झाडूचे चित्र असलेले बटण

“लोकांना घाबरवायचं नाही. शब्द गोड ठेवा.”

माझ्या जन्माच्या वेळी मोठ्या बाईंनी दिलेली ही सूचना मला अजून ऐकू येते. मित्रांनो, मी एक जुने बटण आहे. सदऱ्याचे नव्हे हं, संगणकाच्या पडद्यावरचे. मला भोके नाहीत, दोरा नाही, आणि मी तुटून कपाटाखाली घरंगळतही नाही. चित्रे काढणारी, गाणी बांधणारी माणसे ज्या मोठ्या संगणकांवर काम करतात, त्यांत सेटिंग्जचे एक पान असते. त्या पानाच्या तळाशी, कोपऱ्यात माझे घर आहे.

माझे काम भयंकर आहे. पेनचा दाब, रेषेची जाडी, रंगांची मांडणी असे जे जे माणसाने आपल्या हाताला जुळवून घेतलेले असते, ते सगळे मी एका क्षणात पुसून टाकते. आणि मी पुसलेले परत येत नाही. म्हणून माझ्यावर आधी लाल अक्षरांत ‘सर्व सेटिंग्ज पुसा’ असे लिहिले होते. कचेरीच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाई ते वाचून दचकल्या आणि त्यांनी ती सूचना दिली. मग मला घडवणाऱ्या मुलीने लाल रंग काढला, फिकट निळा दिला, एक इवलासा झाडू काढला आणि लिहिले, ‘स्वच्छ करा’.

“अगं, काय गोंडस झाडू आहे!” मोठ्या बाई म्हणाल्या.

“असा एका बोटावर चालणारा घरी मिळाला तर बघा कुठे,” कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले.

मला मात्र हसू आले नाही. माझ्या तोंडावर एक होते आणि पोटात दुसरेच. अशा रूपाने लोकांच्या घरी जायचे, या विचारानेच माझा थरकाप झाला.

पुढे ते कौतुक ओसरले. नवी बटणे आली, नवी चित्रे आली. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहीना. इतरांना असे झाले की वाईट वाटते. मला हायसे वाटे. कोणी विचारले नाही तर कोणाचे काही बिघडणारही नाही, असे म्हणून मी गप्प पडून राही.

मग मला घडवणारी मुलगी लग्न होऊन ज्या घरी गेली, त्या घरच्या संगणकावरही मी होतेच. तिचे सासरे लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रे काढत. त्यांचा हात थरथरू लागला होता. चहाचा कप बशीत ठेवताना खणखण आवाज येई आणि ते मुद्दाम खोकून तो झाकत. सून रोज कामावरून आली की त्यांच्या शेजारी बसे. सेटिंग्जच्या पानावर हाताची थरथर आवरून रेषा सरळ ठेवणारी एक पट्टी आहे, दाब सांभाळणारी दुसरी आहे. ती एकेक पट्टी केसभर सरकवी.

“आता?”

“नको, फार गुळगुळीत झाली. रेषेला जीव पाहिजे गं.”

“आता?”

“थांब, थांब. हं. हा माझा हात.”

असे कितीतरी संध्याकाळी चालले! शेवटी रेषा पूर्वीसारखी उमटली, तेव्हा सासऱ्यांनी पेन कपाळाला लावला. पट्ट्या कुठे थांबल्या ते टिपून ठेवायला मात्र कोणालाच सुचले नाही.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली, मित्रांनो. सकाळी त्यांचा हात जरा जास्त थरथरे, म्हणून ते कामाआधी ते पान उघडत, एक पट्टी किंचित सरकवत आणि ‘जतन करा’ हे बटण दाबत. ते बटण मला अगदी खेटून राहते. पडद्यावरचा बाण थरथरत खाली येई. कधी त्याच्या अंगावरून, कधी माझ्या अंगावरून जाई. मी डोळे मिटून घेई. “देवा, आजचा दिवस टळू दे. त्यांचे बोट घसरू देऊ नकोस.” हा माझा रोजचा नेमच झाला होता. तो एकदाही चुकवला नाही.

पण बोट घसरलेच नाही. जे झाले ते वेगळेच.

चित्रकार मोठे टापटिपीचे. काम संपले की टेबल पुसायचे, कागद रचायचे, दिव्याच्या टोपीवरची धूळसुद्धा झटकायची. त्या दुपारी संगणक जरा रेंगाळत होता. ते पुटपुटले, “तुझ्याही पोटात कचरा साचला वाटतं.” आणि बाण सरळ माझ्याकडे आला. मी ओरडू पाहिले. बटणाला ओरडता कुठे येते? पडद्याने विचारले, ‘नक्की स्वच्छ करायचे?’

“करायचं म्हणजे काय, करायलाच हवं,” ते म्हणाले.

सगळे पुसले गेले.

त्यांना ते कळलेच नाही. ते पाणमांजराच्या गोष्टीची चित्रे काढत होते. पेन उचलून मिशी काढायला गेले, तर रेषा दातेरी उमटली. पुसून पुन्हा काढली. तशीच. त्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरले. रेषा आणखीच वाकडी गेली. त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. दुखणे एकाएकी वाढले, आपला हात गेला, असे त्यांना वाटले. आणि मला सगळे ठाऊक असून मी झाडूचे चित्र मिरवत गप्प होते. त्याहून मोठी भीती मी कधी अनुभवली नाही.

ते कोणाला काही बोलले नाहीत. दार लावून बसू लागले; हातच गेला म्हटल्यावर सकाळी सेटिंग्जचे पान उघडणेही सोडले. मग त्यांनी संपादक बाईंना फोन केला. “उरलेली चित्रं दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. मला नाही जमायचं आता.” सून नुकतीच घरात शिरत होती. तिने दाराबाहेरून ते ऐकले.

“बाबा, दार का लावलंत?”

“वारा येतो.”

“खिडकी तर उघडी आहे.”

मग त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. “बघ. मिशा आहेत का या? करवत आहे नुसती. संपला गं माझा हात.”

सुनेने ते चित्र पाहिले, कपाळाला आठी घातली आणि सेटिंग्जचे पान उघडले. सगळ्या पट्ट्या मधोमध उभ्या होत्या, नव्या संगणकात असतात तशा.

“बाबा, इथे काही दाबलंत?”

“मी कशाला? हां, ते झाडूवालं. म्हटलं, जरा केर काढावा.”

तिचा हात तोंडाशी गेला.

“हात नाही गेला तुमचा, बाबा. सेटिंग्ज पुसली गेलीत. ते बटण पुसतं सगळं.”

“मग तसं लिहायला काय झालं होतं मेल्यांना? लिहिलं तरी कोणी ते?”

“मी.”

चित्रकारांनी आपला उजवा हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. “म्हणजे आहे अजून,” ते म्हणाले. मग घाईघाईने संपादक बाईंना फोन लावला. “अहो बाई, कोणाला सांगितलं नाहीत ना अजून? नका सांगू. जरा डोकं फिरलं होतं माझं.”

सून शेजारी बसली. पुन्हा पहिल्यापासून “आता?” आणि “नको” सुरू झाले. मध्येच ते थांबले.

“माझ्या घरात तू होतीस, पोरी. ज्याच्या घरात कोणी नाही, तो काय समजेल? तो पेन ठेवूनच देईल.”

ती मान खाली घालून म्हणाली, “मी बदलून घेते. खरा शब्द लिहिते, त्या दुसऱ्या बटणापासून लांब नेते, आणि पुसलेलं परत आणायची सोयही करते. वचन देते तुम्हाला.”

“तुझ्या कचेरीतल्या मोठ्या बाई ऐकतील?”

“भीती वाटते त्यांची. पण उद्याच सांगणार.”

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन काहीतरी घडवाल. तुमच्या हातून कोणाच्या तरी घरी माझ्यासारखे एखादे बटण जाईल. त्याच्यावर जे लिहाल ते खरे लिहा. ते दाबणारा माणूस एकटा असेल, थकलेला असेल, त्याने तुमच्यावर विश्वास टाकलेला असेल, एवढे मनात ठेवा. मला काढून टाकले तरी माझी तक्रार नाही. उद्या कोणती अक्षरे अंगावर येतील, याची धास्ती आहेच. पण या रूपात आणखी एका घरी जाण्याची धास्ती तिच्याहून मोठी आहे.

सकाळ झाली. चित्रकार पडद्यासमोर बसले होते. पट्ट्या अजून नीट जुळल्या नव्हत्या. ते रेषांवर रेषा ओढून पाहत होते. सुनेने त्यांच्याजवळ पाण्याचा पेला ठेवला. पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या, दार अलगद ओढून घेतले, आणि जिन्यावर तिची पावले सावकाश, पण न थांबता खाली उतरत गेली.