गमबुटाचं पाप

कापड रंगवण्याच्या कारखान्यामागच्या आवारात सुट्टीच्या दिवशीही रांग लागली होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाने एका पायातला मोजा काढून हातात धरला होता. पुढे स्टुलावर नखबाबा बसले होते. बाबा समोरच्याच्या पायाच्या बोटांना तपकिरी लेप चोळत, डब्यातलं ताजं गरम पाणी टबात ओतत आणि पाय आत सोडायला सांगत. मग डोळे मिटून पुटपुटत, आणि बघता बघता पाणी काळंकुट्ट होई.

"बघा, नखातलं पाप कसं सुटतंय," बाबा म्हणत. "सात आंघोळी घ्या, जुनं नख आपोआप गळेल." लोक टबाला हात जोडत.

कारखान्याच्या दवाखान्यातली नर्स फाटकातून आत आली, तेव्हा तिला नवल वाटलं नाही, नुसता थकवा आला. वीस वर्षं ती याच पायांना तेच सांगत होती. दिवसभर गमबुटात पाय ओले राहतात, नखाला बुरशी धरते, नख जाड, पिवळं, ठिसूळ होतं. पाय कोरडे ठेवा, मोजे रोज बदला, नखाचा तुकडा तपासायला द्या, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तीन महिने सोडू नका. नवं नख पुरतं यायला वर्षभर लागतं, हेही ती खरं खरं सांगे, आणि तिथेच गाडं अडे. वर्ष म्हटलं की माणसं उठून जात. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

आज मात्र ती मोठ्या भावासाठी आली होती. दादा इथला सगळ्यात जुना रंगारी. काळ्या रंगात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याला मधुमेह होता. बुरशीच्या गोळ्या त्याने महिन्यातच सोडल्या होत्या. अंगठ्यापाशी मोठा फोड आलाय आणि त्याला त्याचा पत्ताच नाही, असं वहिनीने सकाळी फोनवर सांगितलं होतं.

दादाचाच नंबर आला होता. टब नुकताच भरला होता. ही तिसरी आंघोळ, तो तिला म्हणाला, आणि तुझ्या गोळ्यांनी काय दिवे लावले होते, असंही विचारून घेतलं.

ती वाद घालत बसली नाही. तिने टबात दोन बोटं बुडवली आणि चटका बसून मागे घेतली.

"दादा, मागच्या वेळी पाणी एवढंच गरम होतं?"

"गरम कुठे? कोमट तर असतं."

आता मात्र ती घाबरली. तिने भिंतीपाशी धुऊन ठेवलेला गमबूट उचलला, वाटीतला लेप त्याला फासला. थट्टा केलीत तर भोगाल, असं बाबांनी बजावलं. भोगतेच आहे, असं म्हणून तिने बूट टबात बुडवला. पाणी काळंकुट्ट झालं.

"या बुटानं कोणतं पाप केलं, बाबा?" रांगेतून कुणीतरी विचारलं, आणि चारदोन लोक हसले.

दादा हसला नाही. त्याने लेप चिमटीत चोळून हुंगला, मग पाण्याच्या डब्यात वाकून पाहिलं. तळाशी हिरवट खडे होते.

"लेपात डाळिंबाची साल," तो हळू आवाजात म्हणाला, "आणि पाण्यात हा हिराकस. दोन्ही एकत्र आली की काळं होतं. तीस वर्षं मी हाच रंग काढतोय."

रांगेतले सगळेच रंगारी होते. कढईत जे रोज पाहिलं, ते टबात एकालाही ओळखू आलं नाही. बाबांनी सामान आवरलं, सवय झालेल्या माणसासारखं, न घाबरता. पुढचा मुक्काम कुठे, असं दोघांनी त्यांना हळूच विचारलं, तेही नर्सने ऐकलं.

तिने दादाचा पाय मांडीवर घेतला. फोड फुटून लाल झाला होता.

"बोट राहील ना गं?"

"आत्ता हॉस्पिटलात आलास तर राहील. मधुमेहानं तुझ्या पायाला चटका कळत नाही, दादा. दोनदा भाजून घेतलंस तू."

"पाणी काळं होताना या डोळ्यांनी बघितलं होतं," तो म्हणाला.

"सगळ्यांनी पाणीच बघितलं." ती त्याच्याशी बोलत होती, पण ऐकत सगळेच होते. "कुणी काय वाटेल ते दाखवू दे. आपण ज्यासाठी गेलो, ते बरं झालं का, एवढं तरी बघायचं. नख बघितलंस का तू?"

दादाने वाकून पाहिलं. नख तसंच जाड, तसंच भुगा झालेलं होतं; फक्त पिवळ्याचं काळं झालं होतं. तिच्या खांद्याचा आधार घेऊन तो उठला. त्याच्यामागे रांगेतली माणसं एकेक करून खाली वाकली आणि आपापल्या नखाकडे बघू लागली.